मुंग्यांची कॅसेट

आमच्या गल्लीत टीव्हीवर मुंग्या आल्या की लोक गच्चीवर धावत आणि अँटेना फिरवत. मुंग्या सर मात्र मुंग्या आल्या की खुर्ची पुढे ओढत, मांडीवर शेंगांचं ताट घेत आणि मान डोलवत बसत. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके नुसते वळवळताहेत आणि अकोल्याच्या कॉलेजातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक बनियनवर बसून पायाने ठेका धरतोय, हे दृश्य आम्ही रोज संध्याकाळी पाहायचो. खिडकी सताड उघडी. आतून इंग्रजी गिटारींचा कल्ला यायचा. समोरच्या तात्यांचं ठाम मत होतं की टीव्ही बिघडलाय, हा त्या बिघाडाचाच आवाज आहे, आणि मास्तर लाजेखातर दुरुस्तीवाल्याला बोलवत नाही. "मुंग्या सर" हे नाव गल्लीने ठेवलं असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ते मी ठेवलं होतं.

बिघाड-बिघाड काही नव्हता. सरांचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला होता, त्याने त्यांना एक पेटी आणून दिली होती. रेकॉर्डवरचं गाणं त्या पेटीत शिरलं की त्याचे आकडे व्हायचे. तेव्हा एवढे आकडे साठवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून पेटी त्या आकड्यांचं चित्र करायची आणि ते चित्र साध्या व्हिडिओ कॅसेटवर उतरायचं. टीव्हीवर ते चित्र पाहिलं तर मुंग्या. तीच कॅसेट पुन्हा पेटीतून फिरवली की मुंग्यांचं परत गाणं. ऐकायला टीव्हीची काही गरज नव्हती. पण सर तो लावूनच ठेवत, कारण मशीन काय करून राहिली हे आपल्याला दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांत ही पेटी घरोघरी येईल हेही त्यांचं म्हणणं. ती सरांच्या घरून शेजारच्या घरीसुद्धा कधी गेली नाही.

सरांना वेड होतं ते साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉकचं. लांब केसांची माणसं, दहा-दहा मिनिटांची गिटार, आणि मधेच कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय. रेकॉर्ड मुंबईच्या फुटपाथवरून यायच्या. सुईने रेकॉर्ड झिजते, साध्या कॅसेटवर घेतलं तर खरखर वाढते, त्या कॅसेटवरून दुसरी केली तर आणखी वाढते, याचा सरांना खराखुरा त्रास व्हायचा. पेटीवर त्यांचा जीव बसला तो याच एका कारणाने. आकडा झिजत नाही. "सुध्या, मशिनीनं आपलं डोकं लावू नाही," ते मला सांगायचे, "जसं हाये तसं ठेवावं." रेकॉर्डवरची टकटक पण ते तशीच ठेवत. टकटक आली तर आली.

हे "जसं हाये तसं" फक्त पेटीपुरतं नव्हतं, हे मला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कळलं. लंबकाचा प्रयोग होता. माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं होतं. सरांनी वही पाहिली, मग माझ्या टेबलाकडे पाहिलं. लंबकाचा गोळा डब्यातच होता, मी तो लटकवायच्या भानगडीत पडलोच नव्हतो. सर ओरडले वगैरे नाहीत. "हे तुह्यं रिडिंग हाये का पुस्तकाचं?" त्यांनी विचारलं. "पुस्तकाचं त माह्याजवळबी हाये." आणि लाल पेनाने शून्य काढलं, चांगलं वाटोळं. शेजारच्या टेबलावरच्या पोराचं उत्तर साफ चुकलं होतं, त्याला पंधरापैकी बारा मिळाले. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. सर तेव्हा चाळीसचेही नव्हते.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, कुसुमकाकू, माहेरच्या बाळापूरच्या. मुंग्यांची अडचण अशी की सगळ्या मुंग्या सारख्याच दिसतात. कॅसेटवरची चिठ्ठी उन्हाळ्यात सुटून पडली की आत काय आहे ते पेटीतून फिरवून बराच वेळ ऐकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून रेकॉर्डची प्रत्येक बाजू कॅसेटवर घेण्याआधी माईकवर नाव सांगून ठेवायचं अशी पद्धत सरांनी पाडली, आणि ते काम काकूंवर टाकलं, कारण स्वतःच्या आवाजाची सरांना लाज वाटायची. काकूंनी इंग्रजी नावांच्या वाटेला जायचंच नाकारलं. त्या रेकॉर्डच्या पाकिटावरचं चित्र पाहायच्या आणि तेच सांगायच्या. "आज गुरुवार. लाल झाडाखाली उलटी खुर्ची, बाजू पहिली. आटपा लवकर, भाकरी थंडी होऊन राहिली." किंवा, "आज एकादशी. दाढीवाले चौघं, एकाले चष्मा. बाजू दुसरी. दळण राहिलं हाये, ध्यानात ठेवा." मग सुई टेकल्याची टक्, आणि गिटार. दळण-भाकरीचं तरी काढून टाका असं मी एकदा सरांना सुचवलं. त्यांनी माझ्याकडे लंबकाच्या दिवशी पाहिलं होतं तसंच पाहिलं.

मला अमरावतीला बँकेत नोकरी लागली तेव्हा सरांनी निरोपाला एक कॅसेट दिली. मी घरी आणून भाड्याच्या व्हीसीआरवर लावली, तर मुंग्या. अर्थात मुंग्याच असणार, सरांच्या हिशोबाने दोन वर्षांत घरोघरी येणारी पेटी माझ्याकडे अजून कुठे होती? एवढा विचार विज्ञानाच्या पदवीधराने करायला हरकत नव्हती. मी केला नाही. सर घाईत खराब कॅसेट देऊन बसले, आता सांगून त्यांना कशाला ओशाळवायचं, असा थोर विचार करून मी ती कपाटात टाकली. वर्षभराने माझं लग्न ठरलं. शूटिंगवाला म्हणाला, चांगल्या कंपनीची एक कोरी कॅसेट द्या, त्यावर तुमचं लग्न भरून देतो. चांगल्या कंपनीची एकच कॅसेट घरात होती, ती मी दिली. त्याने सुरुवातीची थोडी जागा सोडून लग्न भरलं. त्यामुळे आमच्या लग्नाच्या कॅसेटीत आधी मिनिटभर मुंग्या येतात आणि मग एकदम मी येतो, मुंडावळ्या बांधलेला, मान वाकडी करून कॅमेऱ्यात पाहणारा. माझा मेहुणा दर दिवाळीला म्हणायचा की जावईबापूंच्या लग्नात वऱ्हाडाआधी मुंग्याच लागल्या. मी पण हसायचो. बायको हसायची नाही, ती म्हणायची, ते मिनिट कापून तरी घ्या. मी आळशी, ते राहूनच गेलं.

पुढे सरांचा आजार मला जडला, फक्त उलट्या बाजूने. सरांना जसं आहे तसं हवं होतं. मला होतं त्याच्यापेक्षा चांगलं हवं होतं. हाय-रेझोल्यूशन नावाचा प्रकार आला आणि मी संपलो. त्याच जुन्या रॉकच्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या निघायच्या, मूळ टेपवरून पुन्हा उतरवलेल्या, साफ केलेल्या. दर वेळी कंपनीचं म्हणणं असायचं की आजवर तुम्ही हे ऐकलंच नव्हतं, आणि दर वेळी मला ते पटायचं. उलटी खुर्ची मी तीनदा घेतली. अमरावतीच्या घरात दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध खडूने फुली मारली आणि त्या फुलीवर माझी खुर्ची. गाण्यातल्या हलक्या जागी पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून पंखा बंद. मे महिन्यात, अमरावतीत, दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून मी घामाच्या धारांत बसून झांजेचा आवाज हवेत कसा विरतो ते ऐकायचो. एकदा बायको दार ढकलून आली. कुकर जळाला होता. "तुमाले कुकरची शिटी ऐकू येत नाही," ती म्हणाली, "अन् त्या बाजेवाल्याचा श्वास ऐकू येते?" मी तिला म्हटलं, हे समजायला कान तयार व्हावा लागतो. त्या दिवशी आम्ही नुसतं दही-भात जेवलो.

अशा तयार कानाने मी सरांकडे जायचो आणि त्यांच्या पेटीला नावं ठेवायचो. सुरुवातीच्या काळातलं डिजिटल कोरडं असतं, काचेसारखं असतं, तुमच्या पेटीत एकेक आकडा चौदाच बिटांचा, माझ्याकडे चोवीस, असं सगळं मी त्यांना त्यांच्याच घरी, त्यांच्याच शेंगा खात सांगितलं. "चौदा त चौदा," सर म्हणाले. "तुह्यावाले चोवीस तू कोणत्या कानानं मोजतं?" मग त्यांनी परीक्षाच घेतली. पुढच्या खेपेला मला माझं यंत्र आणायला लावलं, त्यावर आणि पेटीवर एकच गाणं लावून दोन्ही एका बटणाला जोडली, बटण आतल्या खोलीत काकूंजवळ दिलं, आणि दर दोन मिनिटांनी मनाला येईल तसं बदलायला सांगितलं. मी वही घेऊन, डोळे मिटून ऐकत आणि उघडून लिहीत बसलो. आता पेटी, किती कोंडल्यासारखं. आता माझं, बघा कशी हवा आली. पानभर लिहिलं. सरांनी आत हाक मारून विचारलं की किती वेळा बदललं. काकू हात पुसत बाहेर आल्या. "बाप्पा, मी त हातच लावला नाही," त्या म्हणाल्या, "मी कणीक मळत व्हती." अख्खा वेळ सरांची पेटीच वाजत होती. सर इतके हसले की ताट मांडीवरून पडलं. मी शेंगा वेचता वेचता म्हणालो की खोलीचाही फरक पडतो. तो किस्सा त्यांनी अकोल्यात सगळ्यांना सांगितला. सांगोत. आज मलाच सांगावासा वाटतोय.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी गेल्या. मी भेटायला गेलो तर सर त्याच खुर्चीत, टीव्ही बंद, शेंगांचं ताट समोर आणि एकही शेंग फोडलेली नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला की येऊन जा, काम आहे. गेलो. त्यांनी सगळ्या चाळीस कॅसेटींचं खोकं, व्हीसीआर आणि ती पेटी सुतळीने बांधून ठेवलं होतं. मशीन म्हातारी झाली, आता हिचा भरोसा नाही, त्याआधी हे सगळं तुझ्या त्या कॉम्प्युटरवर उतरवून दे, असं म्हणाले. मी निघताना दारापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "जसं हाये तसं."

हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकले होते. त्यामुळेच असेल, ऐकलेच नाहीत.

घरी आलो, तारा जोडल्या, पहिली कॅसेट लावली. मुंग्या आल्या आणि मुंग्यांतून काकू बोलल्या. "आज बुधवार. निळी होडी, बाजू पहिली." मला आवाज ओळखू आला, चांगलंही वाटलं. आणि मी कॅसेट पुढे पळवली. हे मी कुणापासून लपवत नाही. काकूंना पुढे पळवून मी गाणं कसं आहे ते पाहिलं. टकटक, खरखर, मधे एक-दोन ठिकाणी आवाज तुटलेला. माझ्या तयार कानाला ते सोसवेना. मग मला ती अक्कल सुचली. चाळीस कॅसेटी म्हणजे चाळीस अल्बम, आणि ते चाळीसच्या चाळीस हाय-रेझोल्यूशनमध्ये मिळत होते, बहुतेक तर माझ्याकडेच होते. म्हाताऱ्या माणसाला ही खरखर कशाला ऐकवायची? पंधरा दिवस राबून मी एक-एक अल्बम उत्तमातल्या उत्तम आवृत्तीचा निवडला, काड्यापेटीएवढ्या ड्राइव्हवर सरांच्याच क्रमाने लावला, यादी छापली. खोकं अडगळ झालं होतं, ते पहिल्याच आठवड्यात दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. पेटी आणि व्हीसीआर परत बांधले आणि मोठ्या समाधानाने अकोल्याची बस पकडली. बसमध्ये मी मनातल्या मनात सरांचे आभारसुद्धा ऐकत होतो.

सर खुर्चीत सरसावून बसले. अंगात धुतलेला सदरा होता, हे मला नंतर आठवलं. मी पहिला अल्बम लावला. गिटार सुरू झाली, अगदी स्वच्छ. सरांनी हात वर केला. पहिल्यापासून लाव, म्हणाले. मी म्हटलं, हे पहिल्यापासूनच आहे सर. याच्या पहिले, ते म्हणाले. मला खरंच कळेना. मी दुसरा लावला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी सर सुरुवातीला श्वास धरायचे आणि गिटार आली की सोडायचे. मग त्यांनी विचारलं, "कुसुम कुठी हाये?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा पडला. मी त्यांना सगळं सांगितलं, भंगारवाल्यासकट. आता ते ओरडतील, हाकलून देतील, असं वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. ते ओरडले नाहीत. ड्राइव्ह हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला. "हे पुस्तकाचं रिडिंग हाये, सुध्या," म्हणाले. मग उठले, आत गेले आणि माझ्यासाठी चहा टाकला. साखर सापडत नव्हती, डबे उघडल्या-लावल्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीत भंगारवाल्याला गाठलं. खोकं त्याच्याकडे नव्हतं. अंजनगाव सुर्जीकडचा एक शेतकरी आला होता, त्याला अशा फिती शेतात बांधायला लागतात, तो सगळं खोकं घेऊन गेला. मी तसाच अंजनगावची बस धरली आणि विचारत विचारत शेतावर पोचलो. ज्वारी कणसावर आली होती. शेताच्या एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत काठ्या रोवल्या होत्या आणि काठ्यांना आडव्या-उभ्या तपकिरी फिती ताणून बांधल्या होत्या, उन्हात चमकत होत्या. वारा आला की त्या गुणगुणायच्या. शेतकरी मोठा खूश होता. "तुमचीच व्हती का जी?" म्हणाला. "लय कामाची चीज हाये. वारा आला का आवाज काढते, पोपट बसतच नाही."

मी एका फितीला कान लावला. आयुष्यभर झांजा आणि श्वास शोधत बसलेला माणूस मी, भर उन्हात ज्वारीच्या धुऱ्यावर वाकून प्लास्टिकच्या पट्टीला कान लावून उभा. काकूंची एकादशी, दळण, थंड झालेल्या भाकरी, सगळं तिथे होतं आणि नुसतं घूं असा आवाज येत होता. मला रडू फुटलं. शेतकऱ्याला वाटलं ऊन लागलं. त्याने सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि पाहिजे तर सोडून नेता का म्हणून एक फीत सोडूनही दाखवली. ती ताणून दोरीसारखी झाली होती, पिळे पडले होते. मी ती त्यालाच परत बांधायला सांगितली. निघताना त्याने हुरड्याची चार कणसं दिली, ती मी घेतली. नाही म्हणायचं बळ नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने मला बोल लावला नाही, तसं तिला बोलायला जागा भरपूर होती. तिने फक्त विचारलं की त्या कॅसेटींवर टीव्हीत काय दिसायचं. मी म्हटलं, मुंग्या. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"आपल्या लग्नाच्या पहिले दिसतात तशा?" ती म्हणाली.

चौतीस वर्षं ती कॅसेट आमच्या कपाटात होती. दर दिवाळीला मी ते मिनिट पाहिलं होतं, त्यावरचा विनोद ऐकला होता, हसलो होतो. आणि ते काय आहे हे मेथी निवडणाऱ्या माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

आम्ही दोघंही अकोल्याला गेलो. कॅसेट बायकोने पिशवीत न टाकता मांडीवर धरली होती. सरांना मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं, पुन्हा आशा दाखवून पुन्हा मोडायची माझी छाती नव्हती. त्यांच्यासमोर बसूनच सांगितलं. पेटीच्या तारा त्यांनी स्वतः जोडल्या, मला लावू दिल्या नाहीत, आणि माझ्याबाबतीत ते बरोबरच होतं. टीव्ही लावला. मुंग्या आल्या. एकदा खट् झालं, एकदा आवाज तुटला, आणि मग खोलीत काकू बोलल्या.

"आज सोमवार. उलटी खुर्ची, बाजू पहिली. सुध्या, ही तुह्यासाठी हाये. ऐकून झाली का वापस आणजो. यावर दुसरं काही भरू नको."

मग सुई टेकली, गिटार सुरू झाली, अर्धं मिनिट वाजली, आणि पेटी एकदम गप्प झाली. पडद्यावर मी आलो. मुंडावळ्या, वाकडी मान, आणि चेहऱ्यावर आपण फार शहाणे असल्याचा भाव.

सरांनी पडद्यावरच्या माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, काकूंच्या कणकेच्या दिवशी हसले होते तसे, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पुन्हा लाव, म्हणाले. मी पुन्हा लावली. पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं की मागे कुकर वाजतो का, आपल्याला आता तेवढं ऐकू येत नाही. मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. चोवीस बिटवाल्या मला. मी बायकोकडे पाहिलं. "दोन शिट्या झाल्या, सर," ती म्हणाली. सरांनी मान हलवली. वरण असेल, म्हणाले.

ते मिनिट मी त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि त्यांच्या मोबाइलमध्येही टाकलं. काही साफ केलं नाही. खट् झालं तिथे खट् आहे, तुटलं तिथे तुटलेलं आहे. सरांना मोबाइलचं कौतुक नव्हतं. त्यांना मुंग्या दिसायला पाहिजे होत्या, म्हणून कॅसेट मी त्यांच्याकडेच ठेवली.

यंदा संक्रांतीच्या आधी सर गेले. त्यांची मुलगी नाशिकला असते, ती आली होती. तिने सांगितलं की बाबा रोज संध्याकाळी ते मिनिट लावायचे, शेंगा परत सुरू केल्या होत्या. कोणी आलं-गेलं की त्यालाही बसवून दाखवायचे. आईचा आवाज संपला तरी कॅसेट थांबवायचे नाहीत, माझं तोंड येईपर्यंत चालू द्यायचे आणि पडद्याकडे बोट करून म्हणायचे, "हाच तो. चाळीस यानंच घालवल्या, अन् एक यानंच वाचवली. दोन्ही याले न समजता." यापेक्षा नेमकं माझं वर्णन आजवर कोणी केलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. शून्य नव्हतं ते.

दिवस झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा मुलीने कॅसेट आणून बायकोच्या हातात दिली. तुमच्या लग्नाची आहे, घेऊन जा, आवाज माझ्या मोबाइलवर आहेच, म्हणाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको, ही इथलीच आहे. काकूंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरं काही भरू नको, हे तर मी त्यांचं ऐकलं नव्हतं. निदान वापस आणायचं तरी. आपल्या लग्नाचं काय, असं मी बायकोला विचारलं. "राहू द्या इथीच," ती म्हणाली. "तुमची मान तशीबी वाकडीच हाये त्यात."

भिंतीतल्या कपाटात कॅसेटींचा खण अजून रिकामाच होता. त्या चाळीसांच्या जागेत मी ती एक कॅसेट उभी करून ठेवली, दार लावलं, आणि आम्ही बसस्टँडकडे निघालो.